न रडल्याबद्दल टाळ्या

आमच्या शाळेतली मुलं त्याला लॉकेट म्हणतात. सुताराकडून कापून आणलेला प्लायवूडचा तुकडा, पोस्टकार्डाएवढा, काळा रंगवलेला. वर दोन भोकं पाडून त्यात बुटाची जुनी नाडी ओवलेली. त्यावर पांढऱ्या रंगात इंग्रजीत लिहिलंय की मी आज शाळेत मराठी बोललो. प्रत्येक वर्गाचं असं एक असतं; शाळेच्या आवारात ज्याच्या तोंडून मराठी शब्द निघेल, त्याच्या गळ्यात ते पडतं.

ते शिक्षक घालत नाहीत, हीच त्यातली हुशारी. ज्याच्या गळ्यात लॉकेट आहे त्यानं दुसऱ्या कुणालातरी मराठी बोलताना पकडायचं आणि त्याच्या गळ्यात घालायचं. शेवटच्या घंटेला ते ज्याच्याकडे राहील त्यानं ते घालूनच बसमधून घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभं राहायचं. शिक्षकांना आवाजही चढवावा लागत नाही. मुलंच मुलांवर पाळत ठेवतात. बाहेरचं कुणी शाळा बघायला आलं की म्हणतं, काय शिस्त आहे हो तुमच्याकडे!

मी अजून त्याच शाळेत आहे, म्हणून कुणाचं नाव लिहीत नाही. शाळा वणीच्या बाहेर आहे, कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्याला. रोज सकाळी वर्गात गेल्यावर पहिलं काम म्हणजे खिडकीच्या कट्ट्यावरची काळी धूळ ओल्या फडक्यानं पुसायची. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता.

लॉकेट मला नवीन नव्हतं. मी यवतमाळला ज्या शाळेत शिकले तिथे लाकडाऐवजी पत्र्याचा बिल्ला होता. बाकी सगळं हेच. त्यावर मी फार लवकर उपाय शोधला होता. बोलायचंच नाही. इंग्रजी येईपर्यंत गप्प आणि आल्यावरही गप्प, कारण चुकली तर मुलं हसायची. घरी पाहुणे आले की आईला म्हणत, "किती गुणी आहे हो तुमची पोरगी, घरात आहे की नाही तेच समजत नाही." आई खूश व्हायची. मला लोक अजूनही शांत म्हणतात. मी शांत नाही. मला लहानपणी कुणीतरी गप्प केलेलं आहे, आणि हे मला कळलं ते या शाळेत, एका मुलीचं बोट दारात चेंगरलं तेव्हा.

त्याआधी मुलांची एक युक्ती सांगायला हवी. लॉकेट गळ्यातून काढायचं तर दुसऱ्याच्या तोंडून मराठी निघायला हवं, आणि सावध मूल एरवी सापडत नाही. पण दुखलं की सापडतं. त्यामुळे ज्याच्या गळ्यात लॉकेट असतं तो चिमटा काढतो, पायावर पाय देतो, पाठीमागून वेणी ओढतो. दुखल्यावर काय म्हणायचं ते इंग्रजीच्या पुस्तकात चित्रासकट दिलेलं आहे, मुलांना पाठही आहे. पण तोंडातून आधी निघतं ते "अव माय!" तेवढं पुरतं. लगेच चारपाच बोटं त्याच्याकडे वळतात. मॅम, मॅम, मराठी, मराठी!

दिवाळीनंतरची गोष्ट. शेवटचा तास संपत आला होता आणि लॉकेट वर्गातल्या एका चुणचुणीत मुलीकडे होतं. आदल्याच आठवड्यात ती ते घालून घरी गेली होती आणि बापानं तिला बोल लावले होते. तिच्या बाकावर तिची मैत्रीण बसायची. दोघी डबा एकत्र खायच्या, पेन्सिली एकमेकींच्या वापरायच्या. मुलं बससाठी ओळीत उभी राहत होती. मैत्रीण दाराशी होती, तिचा हात दाराच्या बिजागरीपाशी. लॉकेटवालीनं ते लोखंडी दार लोटलं.

मी फळा पुसत होते. दाराचा आवाज ऐकून वळले. मैत्रिणीचं तोंड उघडलं होतं. पूर्ण उघडलं होतं, जीभ दिसत होती. आणि मग तिनं मोकळा हात उचलून ते तोंड दाबून धरलं. एक हात दारात आणि दुसरा तोंडावर. आवाज आला नाही.

मी धावत जाऊन दार ओढलं. बोट सुटलं, पण तोंडावरचा हात तिनं काढला नाही. नळाखाली बोट धरलं, नख निळं पडत होतं, तरी हात तसाच. डोळ्यांतून पाणी येत होतं, आवाज नाही. ऑफिसमध्ये नेलं तर मुख्याध्यापिकांनी, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या मॅडम म्हणतो, तिला इंग्रजीत विचारलं, दुखतंय का? तिनं नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पुन्हा इंग्रजीत म्हटलं, शाब्बास, किती धीट मुलगी!

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी तिला पुढे बोलावलं. बोटाला पांढरी पट्टी होती. मोठ्या मॅडमनी माइकवरून सगळ्या शाळेला सांगितलं की या मुलीचं बोट दारात सापडलं, पण तिच्या तोंडातून एक मराठी शब्द बाहेर आला नाही. याला म्हणतात शिस्त. तिच्यासाठी जोरात टाळ्या.

सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. तिसरीतली मुलगी, बोट सुजलेलं, आणि ती न रडल्याबद्दल टाळ्या. ती मुलगी हसली नाही, लाजलीही नाही. टाळ्या वाजवणाऱ्या मुलांकडे बघत राहिली, जणू गणित कसं सुटलं ते तिला आत्ता समजलं. दार लोटणारीला शिक्षा म्हणून आठवडाभर लॉकेट घालायला लावलं, आणि त्या आठवड्यात ते दुसऱ्याला द्यायची तिला परवानगी नव्हती.

माझे हात पाठीमागे होते. ते कुणाला दिसलं नाही. मी कुठे उभी असते तेही सहसा कुणाला दिसत नाही.

त्या दिवसापासून ती मुलगी बोलेनाशी झाली. मराठी नाही, इंग्रजी नाही, हजेरीला "येस मॅम"सुद्धा नाही, नुसता हात वर. बाकीच्या शिक्षकांच्या ते लक्षातही आलं नाही. गप्प मूल म्हणजे शाळेला बक्षीसच. लक्षात आलं ते तोंडी परीक्षेची तयारी सुरू झाल्यावर. कविता म्हणायला उभं केलं की ती उभी राहायची आणि समोर बघायची. ओठ मिटलेले.

मोठ्या मॅडमनी मला ऑफिसमध्ये बोलावलं.

"ती तोंडी परीक्षेला बोलली नाही तर मी तिला पुढे घेणार नाही," त्या म्हणाल्या. "पालकांना सांगू, दुसरी शाळा बघा. आपली काही स्पेशल स्कूल नाही."

"मॅम, ती मुकी नाही. ती घाबरली आहे."

"कशाला? तिला कुणी रागावलंसुद्धा नाही. उलट कौतुक केलं मी."

माझं डोकं तापलं होतं, पण माझा राग आवाजात उतरत नाही. तो हातापायांत जातो, बोटं गार पडतात. मी हळू आवाजात म्हटलं, "माझ्या वर्गातून लॉकेट काढून टाकूया."

त्या हसल्या. वाईट बाई नाहीत त्या. दुपारी ऑफिसचं दार लावून बहिणीशी फोनवर बोलतात तेव्हा अशी फर्मास वऱ्हाडी बोलतात की बाहेर उभं राहून ऐकावंसं वाटतं. "काऊन वं, जेवली का नाई?" असं सुरू होतं. मग फोन ठेवतात, दार उघडतात आणि चेहरा इंग्रजी करतात.

"लॉकेट काढलं तर वर्ग कसा सांभाळाल? तुमचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही."

"रागावल्याशिवाय, शिक्षा केल्याशिवाय सांभाळून बघते."

"ज्यांना आवाज नसतो ना, त्यांना प्रेमच करावं लागतं," त्या म्हणाल्या. स्टाफरूममध्ये हे वाक्य मग पुष्कळ दिवस फिरलं. "ठीक आहे. तोंडी परीक्षेपर्यंत करा. पण गोंधळ माझ्या ऑफिसपर्यंत आला, तर त्याच दिवशी लॉकेट परत. आणि मुलगी नाही बोलली तर तो निर्णय माझा."

स्टाफरूममध्ये मराठीच्या बाईंनी मला चहा दिला. निवृत्तीला आलेल्या आहेत. "पोरी, तू काही नवीन नाई सांगून राह्यली," त्या म्हणाल्या. "मराठीच्या तासाले लाकेट खिळ्याले टांगतो, तास संपला का पुन्हा गळ्यात. मीच टांगतो अन् मीच उतरवतो. अन् त्याच पोट्ट्यांले मातृभाषा आपली आई यावर निबंध लिवाले लावतो. लाज वाटत नाई असं नाई. वाटते. पण सवय झाली."

त्यांच्यावर मला राग आला नाही, आणि आला नाही याचाच राग आला.

लॉकेट काढलं त्या दिवशी वर्गात काय झालं ते मी कधी विसरणार नाही. मी इंग्रजीत सांगितलं, आता या वर्गात लॉकेट नाही. कुणालाच खरं वाटेना. मग मागच्या बाकावरून एकजण हळूच म्हणाला, "म्हैस." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काही केलं नाही. दुसरा म्हणाला, "वांगं." तिसरी म्हणाली, "चड्डी!" आणि मग जे सुटलं ते सुटलं. झाडू, भाकर, पोपट, गू, शेंबूड. मुलं मराठी बोलत नव्हती, नुसते शब्द फेकत होती आणि आभाळ कोसळतं का ते बघत होती. हसून हसून काही मुलं बाकाखाली गेली. मी घाईनं दार लावलं.

पुढचे दिवस सोपे गेले असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी ठरवलं होतं की जे सांगायचं ते जसं येईल तसं सांगायचं, मग आपण सगळे मिळून ते इंग्रजीत आणायचं. भांडण झालं तर दोघांनी आपापली बाजू सांगायची, मध्ये कुणी बोलायचं नाही, आणि पुढे काय करायचं ते त्या दोघांनीच ठरवायचं. ऐकायला छान आहे. पण एका खोडरबरावरून झालेल्या भांडणाच्या दोन बाजू ऐकता ऐकता गणिताचा तास निघून जायचा. खिडकीजवळ मी एक चटई टाकली होती. ज्याला राग आला, रडू आलं, त्यानं स्वतःहून तिथे जाऊन बसावं, हवं तेव्हा परत यावं. पहिल्या आठवड्यात एका पठ्ठ्याला नेमका पाढ्यांच्या वेळी रोज राग यायचा. मी त्याला उठवलं नाही. पाढ्यांची पाटी चटईवर त्याच्या शेजारी नेऊन बसले आणि त्याच्याशीच म्हणायला लागले. मग त्याचा राग कमी झाला.

पण सगळ्यात अवघड गेलं ते वेगळंच. चुगली. लॉकेटनं या मुलांना इंग्रजी किती शिकवली कोण जाणे, पकडायला मात्र पक्कं शिकवलं होतं. सकाळी मी वर्गात पाय ठेवला की पाचसहा जण धावत येत. मॅम, तो बसमध्ये मराठी बोलला. मॅम, तिनं शिवी दिली. मॅम, त्यानं गृहपाठ नाही केला. लॉकेट गेलं तरी हे गेलं नाही. मी विचारायची, "तुला काय झालं ते सांग." तर मुलं गोंधळायची. स्वतःला काय झालं ते कुणाला सांगताच येत नव्हतं, दुसऱ्यानं काय केलं तेवढंच येत होतं. शाळेत तीन वर्षं काढून आठ वर्षांची मुलं हे शिकली होती, आणि त्याला आपण शिस्त म्हणत होतो. मी घरी येऊन भांडी आपटायची. खोलीवर माझ्याबरोबर राहणारी विचारायची, काय झालं? मी म्हणायची, काही नाही.

दार लोटणारी मुलगी तर रोज येऊन स्वतःचीच चुगली करायची. "मॅम, आज म्या कोनाले नाई मारलं." "मॅम, आज म्या फक्त ढकललं." एकदा मी तिला विचारलं, दार का लोटलं होतं? ती म्हणाली, "हळूच लोटलं होतं. वाटलं, ती ओरडनच." मग म्हणाली, "ती ओरडलीच नाई मॅम. म्हनून मले समजलंच नाई का लागलं." मी तिला माफी मागायला लावली नाही. लॉकेट घालून आठवडाभर फिरवून तिला काय कळलं होतं? तिनं स्वतःच एक काम सुरू केलं. तिच्या मामाच्या शेतात बोरी आहेत, तिथली बोरं ती रोज कागदात बांधून आणायची आणि मैत्रिणीच्या बाकावर ठेवायची. मैत्रीण खायची. बोलायची नाही.

तोंडी परीक्षा जवळ आली होती. ती अजून गप्पच होती.

तेव्हा तिची आई शाळेत आली. शिवणकाम करते, गळ्यात टेप तशीच होती. नवरा राजूरकडे खाणीत कामाला. मला वाटलं मुलगी बोलत नाही म्हणून आली. पण तिनं दारातूनच सुरुवात केली.

"मॅडम, तुमी लाकेट काऊन बंद केलं? बाकी वर्गाईत हाये, आमच्याच पोरीच्या वर्गात काऊन नाई?"

"ताई, बसा ना."

"बसाले नाई आली. आमच्या पोरीले इंग्रजी आली पायजे. त्याच्यासाठी तं इतक्या लंब धाडून राह्यलो. मराठीच बोलाची असती तं गल्लीत शाळा नव्हती काय?"

मी म्हटलं, भीती घालून भाषा येत नाही. हे वाक्य मी मनात किती वेळा म्हटलं होतं. तिच्यासमोर म्हटल्यावर ते पुस्तकातलं वाटलं.

"तुमाले इंग्रजी येते, मॅडम," ती म्हणाली. "म्हनून तुमाले मराठीचं कौतुक सुचते. माही आजी शाळेत गेली तं तिले दाराबाहीर बसवत. आतमंदी नाई. जे आयकू आलं तेवढं शिकली. आता माही पोरगी आत बसली हाये, पंख्याखाली बसली हाये. तिले रागवा, कडक ठेवा, काय करा ते करा. पण तिची इंग्रजी तोडू नोका."

ती म्हणत होती ते सगळं खरं होतं. माझे आजोबा कचेरीत कारकून, वडील कचेरीत, मला इंग्रजी शाळेत घालताना आमच्या घरात कुणी चर्चाही केली नव्हती. मी तिला काय सांगणार? पण तिचं खरं होतं म्हणून माझा राग कमी झाला नाही, उलट वाढला. या बाईला जे हवं होतं ते शाळा तिला सरळ देऊ शकत होती. त्याऐवजी शाळेनं तिला पटवलं होतं की इंग्रजी पाहिजे तर सोबत हे लाकूडही घ्यावं लागतं.

मी विचारलं, "घरी बोलते का ती?"

"बोलते का म्हंजे? तोंड बंद नाई होत तिचं. दिवसभर टकळी."

"शाळेत एक शब्द बोलत नाही. बोट सापडलं तेव्हापासून."

तिला खरं वाटेना. "नाई नाई. तिनं सांगतलं मले, टाळ्या वाजवल्या म्हने सगळ्याईनं. म्या अख्ख्या मोहल्ल्यात सांगतलं. शूर हाये माही पोरगी, रडली बी नाई."

मग मी तिला दाराची गोष्ट सांगितली, जशी बघितली तशी. तोंड कसं उघडलं आणि दुसऱ्या हातानं कसं दाबलं. लॉकेट कसं काढतात, दुखल्यावर मुलांच्या तोंडून काय निघतं, ते निघालं की काय होतं. ती ऐकत होती. गळ्यातली टेप तिनं बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"म्हंजे," ती म्हणाली, "मले हाक येऊन राह्यली होती, अन् तिनं ती तोंडातच दाबली?"

"हो, ताई," मी म्हटलं.

"कुठं हाये ते? दाखवा मले."

शेजारच्या वर्गात मराठीचा तास चालू होता, तिथलं लॉकेट दाराच्या खिळ्याला टांगलेलं होतं. मी ते आणून तिच्या हातात दिलं. तिनं उलटसुलट करून बघितलं. अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, काय लिवलं हाये? मी सांगितलं.

"आत बसवाले म्हनून पोरीले धाडलं," ती म्हणाली, "अन् तुमी लोकं तिच्या गळ्यात पाटी बांधून राह्यले."

तुमी लोकं. त्यात मीही होते. ते मी ऐकून घेतलं.

मी म्हटलं, मोठ्या मॅडमना सांगूया, तुम्ही चला माझ्याबरोबर. तिनं लॉकेट माझ्या हातात परत दिलं. "मी नाई येत. माही पोरगी इथं शिकून राह्यली, उद्या तिच्यावरच राग काढतीन. तुमी बोला. तुमचं कामच हाये ते." आणि ती गेली. जाताना वर्गाच्या खिडकीतून तिनं मुलीला बघितलं, पण हाक मारली नाही.

त्यानंतरच्या आठवड्यातली दुपार. मधली सुट्टी संपून मुलं वर्गात येत होती. मी फळ्यावर तारीख लिहीत होते आणि पाठीमागे एकदम किंकाळी फुटावी तसा आवाज आला.

"मॅ-ऽ-म! हिनं मले सगळी किडकी देल्ली! अन् चांगली चांगली सोताच खाल्ली! शी इज चीटर, मॅम! सांगा ना हिले!"

तीच होती. बाकावर उभी, लाल झालेली, हातात अर्धं खाल्लेलं बोर, त्यातून अळी डोकावत होती. तिच्या शेजारची, बोरं आणणारी, तोंड वासून तिच्याकडे बघत होती. सगळा वर्ग बघत होता. मग बोरंवालीही ओरडली, "म्या काय आत शिरून पायलं होतं काय!" आणि दोघी अशा भांडल्या की पलीकडच्या वर्गातली मुलं दाराशी जमा झाली.

मी भांडण थांबवलं नाही. मला ते थांबवायचंच नव्हतं.

आवाज ऑफिसपर्यंत गेला. मोठ्या मॅडम आल्या. त्यांच्या हातात लॉकेट होतं.

"मी काय म्हटलं होतं तुम्हाला?" त्या मला म्हणाल्या. मग वर्गाकडे वळून इंग्रजीत विचारलं, मराठीत कोण ओरडलं?

ज्या मुलांनी आयुष्यभर बोटं दाखवली, त्यांच्यातलं एकही बोट उठलं नाही. पण ती अजून बाकावरच उभी होती आणि तिच्या गळ्यातल्या शिरा फुगलेल्या होत्या. मोठ्या मॅडमना कळलं.

"ही?"

"हो, ही," मी म्हटलं. "ही बोलते, मॅम. आता तिला दुसऱ्या शाळेत पाठवायचं कारण राहिलं नाही. आणि ते लॉकेट मी तिच्या गळ्यात घालणार नाही. कुणाच्याच घालणार नाही."

माझा आवाज पहिल्या बाकाच्या पुढे गेला असावा, कारण मागची मुलं माझ्याकडे बघत होती. मोठ्या मॅडमनी लॉकेट टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "सुटल्यावर ऑफिसमध्ये या."

ऑफिसमध्ये जे झालं त्याचं सार थोडक्यात सांगते. मुलीला तोंडी परीक्षेला बसू दिलं. तिनं कविता म्हटली, दोन ओळी विसरली, पास झाली, चौथीत गेली. माझ्या वर्गात वर्ष संपेपर्यंत लॉकेट आलं नाही. बाकी सगळ्या वर्गांत राहिलं. आणि नवीन वर्ष सुरू झालं तेव्हा मला वर्ग मिळाला नाही, वाचनालय मिळालं. शांत स्वभावाला शोभेल असं काम आहे, मोठ्या मॅडम म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटतं.

मी पुस्तकांना कव्हरं घालते, आणि मला इतका राग येतो की कधीकधी कागद फाटतो. शिक्षा न करता वर्ग चालतो हे मी बघितलं. सावकाश चालतो, आवाज करत चालतो, पण चालतो. त्यांनीही बघितलं. बघूनसुद्धा त्यांनी ते लाकूड निवडलं, कारण लाकूड सोपं पडतं. मी भित्री आहे हे मला माहीत आहे, पण या शाळेत माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली मोठी माणसं आहेत. मुलं बोलायला लागली तर काय बोलतील, याला ती घाबरतात.

परवा मी कपाटाशी खाली बसून पुस्तकं लावत होते. दाराशी ती आली, चौथीतली ती. गळ्यात लॉकेट होतं. हल्ली बहुतेक दिवस तिच्याच गळ्यात असतं म्हणतात, कारण तिचं तोंड थांबत नाही आणि ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायला ती कुणाला पकडत नाही. नाडी फिरवून तिनं लाकूड पाठीवर टाकलं होतं, मध्ये येऊ नये म्हणून.

"मॅम," ती व्हरांडाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमी इथं काऊन बसून राह्यल्या?"

मी या इमारतीत कधी वऱ्हाडीत उत्तर दिलं नव्हतं. "बसवलं म्हणून बसून राह्यली," मी म्हटलं.

तिनं कपाळाला आठी घातली.

"मंग उठा ना," ती म्हणाली.